हॅम्बर्ग: समुद्रापासून शंभर किलोमीटर आत असलेलं बंदर

पाणकावळा (धागाकर्ता)

उत्तर युरोपातल्या बंदरांवर इथे अधूनमधून प्रश्न येतात आणि चर्चा रॉटरडॅमपाशी सुरू होऊन तिथेच संपते. म्हणून हॅम्बर्गसाठी हा वेगळा धागा.

आधी जागा समजून घ्या. एल्बे नदी कुक्सहाफनपाशी उत्तर समुद्राला मिळते. हॅम्बर्ग तिथून नदीमार्गाने शंभर किलोमीटरच्या वर आत आहे. तरीही ४०० मीटर लांब आणि ६१ मीटर रुंद कंटेनर जहाजं शहराच्या पोटात येतात, कारण इथवर भरती पोचते. सांक्ट पाउलीच्या धक्क्यापाशी भरती आणि ओहोटीत सरासरी पावणेचार मीटरच्या आसपास फरक पडतो. भरतीची हद्द शहराच्याही वर, गेस्टहाख्टच्या बंधाऱ्यापर्यंत आहे. हा बंधारा १९६० साली झाला. त्याआधी भरती आणखी वर जायची.

शहरात शिरताना एल्बेच्या दोन शाखा होतात, उत्तर एल्बे आणि दक्षिण एल्बे. मधलं मोठं बेट म्हणजे विल्हेल्म्सबुर्ग. बंदराचा बराच भाग या दोन शाखांच्या मध्ये आणि दक्षिणेला आहे, जुनं शहर उत्तर काठावर. आल्स्टर ही छोटी नदी उत्तरेकडून येते. तिला मध्ययुगात बांध घातला, त्यातून शहराच्या मधोमध आजचा तलाव तयार झाला.

माझं म्हणणं असं की हॅम्बर्गला भरतीने बंदर केलं आणि त्याची डोकेदुखीही भरतीच आहे. गाळ, पूर, १८९२चा कॉलरा, जहाजांचं वेळापत्रक, काहीही उचला, मुळाशी हेच सापडतं. पटत नसेल तर खोडून काढा.

कट्टेकरी

वाचतोय. पहिली शंका: एवढं मोठं जहाज नदीतून आत येतं म्हणजे नक्की काय काय करावं लागतं? आणि ओहोटी लागली तर मध्येच टेकत नाही का?

पाणकावळा

क्रमाने सांगतो.

१. जर्मन उपसागरात, नदीच्या मुखाच्या बाहेर, एल्बेचा पायलट, म्हणजे तिथली वाट ओळखणारा मार्गदर्शक, जहाजावर चढतो. ब्रुन्सब्युटेलला पायलट बदलतो. शहराच्या वेशीवर बंदराचा स्वतःचा पायलट येतो, शेवटच्या टप्प्यात टग, म्हणजे ओढणाऱ्या बोटी, जोडल्या जातात. पूर्ण वाटेवर किनाऱ्यावरच्या रडारची साखळी आहे, धुकं पडलं की पायलटला त्यावरून सल्ला मिळतो.

२. येताना भरती साथ देते. कुक्सहाफनला पूर्ण भरती झाल्यावर हॅम्बर्गला ती साडेतीन-चार तासांनी पोचते. म्हणजे भरतीची लाट नदीत वर चढत असते. जहाजाने तिच्याबरोबर वेग जुळवला तर जवळजवळ पूर्ण वाटेवर तळाखाली चांगलं पाणी मिळतं.

३. जाताना उलटं. जहाज समुद्राकडे आणि भरतीची लाट शहराकडे, त्यामुळे वाटेत कुठेतरी ओहोटीचं पाणी गाठणारच. म्हणून खोल बसलेल्या जहाजाला धक्का सोडायला थोडाच अवधी असतो. तो हुकला की पुढच्या भरतीपर्यंत, म्हणजे सुमारे साडेबारा तास, थांबा. क्रेन एक तास बंद पडली तर जहाजाचा अर्धा दिवस जातो तो असा.

४. आकडे: २०२२च्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या खोलीकरणानंतर भरती-ओहोटीची पर्वा न करता १३.५ मीटर ड्राफ्ट (जहाज पाण्यात जितकं खोल बसतं ते) आणि भरती साधून १४.५ मीटरपर्यंत, असं धोरण आहे. खूप रुंद जहाजांना यापेक्षा कमी मिळतं.

टिटवी

यात दोन गोष्टी जोडते, कारण नवख्यांचा हिशेब इथेच चुकतो.

एक, गोडं पाणी. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५, नदीच्या पाण्याची १.०००. त्याच वजनाचं जहाज गोड्या पाण्यात जास्त बसतं. १४ मीटर ड्राफ्टच्या कंटेनर जहाजाला हा फरक साधारण ३० सेंटीमीटरचा. म्हणजे रॉटरडॅम सोडताना कागदावर १४ मीटर असलेलं जहाज हॅम्बर्गला कंटेनर न चढवताही १४.३ होतं. वाटेत इंधन जळून थोडं हलकं होतं, पण तेवढं नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. उथळ पाण्यात जहाज जितकं जोरात जाईल तितकं खाली दबतं, आणि हे दबणं वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट, तर दबणं चौपट. म्हणून ‘ओहोटी गाठतेय, पळवा जहाज’ असं करून चालत नाही, पळवलं की तळाखालचं पाणी आणखी कमी होतं. शिवाय मोठ्या जहाजाच्या ओढीने काठावर बांधलेल्या बोटींचे दोर तुटतात, त्यासाठी वेगमर्यादा वेगळीच.

खेकडा

आणि समोरून दुसरं आलं तर? ‘आधी तुम्ही’ म्हणायचं?

पाणकावळा

खरंच तसं ठरवावं लागतं, फक्त काही तास आधी. पूर्वी समोरासमोर येणाऱ्या दोन जहाजांच्या रुंदीची बेरीज ९० मीटरच्या आत लागायची. खोलीकरणाच्या कामात वेडेल आणि ब्लांकेनेझंच्या दरम्यान नदीचा मार्ग ३८५ मीटर रुंद केला, आणि ही मर्यादा १०४ झाली. हिशेब करा: ५१ मीटरची दोन जहाजं, बेरीज १०२, जातात. ६१ अधिक ६१ म्हणजे १२२, नाही जात. ६१ला समोरून ४३ची चालते. त्यामुळे सर्वांत मोठ्या दोन जहाजांची भेट होऊ न देणं हे नियंत्रण कक्षाचं कामच आहे. एकाला बाहेर समुद्रात किंवा धक्क्यावर थोपवून धरतात.

लोलक

२०१६मध्ये एक चिनी जहाज रुतलं होतं ना?

पाणकावळा

हो, सीएससीएल इंडियन ओशन. ४०० मीटर, १९ हजार टीईयूचं (टीईयू हे कंटेनर मोजायचं एकक). ३ फेब्रुवारी २०१६ला हॅम्बर्गच्या अलीकडे, श्टाडंजवळ, सुकाणूच्या बिघाडामुळे मार्गाबाहेर जाऊन रुतलं. दुसऱ्या दिवशी टगनी ओढून पाहिलं, हललं नाही. मग शिस्तीत तीन कामं झाली: जहाजातलं इंधन उपसून वजन कमी केलं, ड्रेजरने तळाभोवतीचा गाळ काढला आणि उधाणाची वाट पाहिली. ८ फेब्रुवारीला अमावस्या होती. ९ तारखेच्या पहाटे, भरती आणि १२ टग मिळून, ते सुटलं. नशीब असं की ते मुख्य मार्गाच्या कडेला रुतलं होतं, त्यामुळे बाकी वाहतूक चालू राहिली. आडवं बसलं असतं तर बंदरच बंद.

कोकणातल्या मंडळींना उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) वेगळं समजवायला नको. जहाज भांगाच्या दिवसात रुतलं तर आशा असते, पुढे पाणी वाढणार असतं. ऐन उधाणाच्या भरतीला रुतलं तर पंधरवडाभर तेवढं पाणी परत येत नाही.

जुना_नकाशा

इतिहासाची बाजू मी घेतो.

नवव्या शतकात इथे हामाबुर्ग नावाची छोटी गढी होती. ८४५ साली व्हायकिंगांनी ती लुटली. बंदराचा ‘वाढदिवस’ ७ मेला साजरा होतो, कारण ७ मे ११८९ रोजी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने हॅम्बर्गकरांना शहरापासून समुद्रापर्यंत जकातमाफी दिली, असा दस्तऐवज आहे. गंमत अशी की आज उपलब्ध असलेला दस्तऐवज तेराव्या शतकात बनवलेला बनावट आहे. व्यापाऱ्यांना भांडणात पुरावा हवा होता, त्यांनी तो तयार केला. वाढदिवस मात्र जोरात होतो.

पुढचा मुद्दा महत्त्वाचा. १२४१ साली हॅम्बर्ग आणि ल्युबेक यांच्यात करार झाला. ल्युबेक बाल्टिकवर, हॅम्बर्ग उत्तर समुद्राकडे. डेन्मार्कला वळसा घालण्याऐवजी माल मधल्या चिंचोळ्या जमिनीवरून न्यायचा, हा हान्झा संघाच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघाच्या, व्यापाराचा एक कणा. ल्युनेबुर्गचं मीठ बाल्टिकला, तिकडून खारवलेला हेरिंग. स्वतः हॅम्बर्ग बिअर विकायचं. चौदाव्या शतकात शहरात चारशेच्या वर बिअर गाळणारे होते.

नदीवर ताबा ठेवायला शहराने मुखापर्यंत हात पसरले. नॉयवेर्क बेटावर १३१०च्या सुमारास दगडविटांचा बुरूज बांधला, चाच्यांवर नजर ठेवायला. तो अजून उभा आहे आणि शंभर किलोमीटर दूर असूनही ते बेट आजही हॅम्बर्ग शहराचाच भाग आहे. कुक्सहाफनचा परिसरही १३९४ ते १९३७ हॅम्बर्गकडे होता. १९३७च्या कायद्याने तो गेला आणि बदल्यात आल्टोना, वान्डस्बेक, हारबुर्ग ही शेजारची गावं शहरात आली. आजचं हॅम्बर्ग हे जर्मनीतलं स्वतंत्र राज्य आहे, ७५५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या १९ लाखांच्या आसपास.

टिटवी

जुना_नकाशा यांनी सांगितलेला वळसा टाळण्याचा मुद्दा आजही तसाच लागू आहे. फक्त बैलगाडीच्या जागी कील कालवा आला. १८९५ साली सुरू झाला, ब्रुन्सब्युटेल ते कील, ९८.६ किलोमीटर. डेन्मार्कच्या टोकाला वळसा घालण्यापेक्षा सरासरी अडीचशे सागरी मैल वाचतात. आशियातून आलेला माल हॅम्बर्गला छोट्या फीडर जहाजांवर चढतो आणि कालव्यातून फिनलंड, स्वीडन, पोलंड, बाल्टिक देशांना जातो. कालव्याची मर्यादा २३५ मीटर लांबी आणि ३२.५ मीटर रुंदी, म्हणून फीडर त्या मापाचे.

त्यामुळे पाणकावळा, तुमच्या भरतीच्या सिद्धान्ताला माझी दुरुस्ती: भरतीने जहाज इथवर आणलं, पण जहाज इथवर *यावं* असं वाटायला पाठीमागचा मुलूख लागतो. तो बाल्टिकचा आणि मध्य युरोपाचा. जर्मनीच्या फाळणीच्या काळात हे नीट दिसलं. एल्बेचा वरचा भाग पूर्व जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियात अडकला, पोलादी पडदा शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. भरती तीच, नदी तीच, धंदा मात्र अर्धामुर्धा. १९९० नंतर मुलूख परत मिळाला आणि कंटेनरचा आकडा २००७ साली ९९ लाख टीईयूपर्यंत गेला.

पाणकावळा

मान्य, मुलुखाशिवाय नुसत्या पाण्याला अर्थ नाही. पण २००७ नंतर काय झालं तेही बघा. २०२४ला ७८ लाख. रॉटरडॅम १ कोटी ३८ लाख, अँटवर्प १ कोटी ३५ लाख. मुलूख तर आहेच, मग आकडा का घसरला? जहाजं मोठी झाली आणि नदी तेवढी खोल होईना.

क्रेनवाला

फक्त नदी नाही हो. २००८-०९ची मंदी, रशियावरचे निर्बंध, पोलंडच्या ग्दान्स्कला थेट येणारी मोठी जहाजं आणि हॅम्बर्गचे चढे दर, हे सगळं त्यात आहे. तुलनेसाठी, आपलं जेएनपीए (न्हावा शेवा) २०२४-२५मध्ये ७३ लाखांवर गेलं. म्हणजे दोघं आता जवळपास सारखे.

कट्टेकरी

टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनरच ना? चाळीस फुटी म्हणजे दोन?

क्रेनवाला

हो. म्हणून ७८ लाख टीईयू म्हणजे ७८ लाख डबे नव्हेत. चाळीस फुटी जास्त असल्याने प्रत्यक्ष डबे बरेच कमी.

कंटेनरचं सांगतोच आहे तर: पहिलं पूर्ण कंटेनर जहाज, अमेरिकन लान्सर, ३१ मे १९६८ला बुर्खार्डकाईच्या धक्क्याला लागलं. बघण्यासारखं टर्मिनल मात्र आल्टेनवेर्डर, २००२पासूनचं. काम कसं चालतं ते टप्प्यांनी बघा. धक्क्यावरच्या क्रेनला दोन ट्रॉली. पहिली माणूस चालवतो, ती डबा जहाजातून उचलून क्रेनच्याच मधल्या माचीवर ठेवते. माचीवर कामगार डब्याच्या चार कोपऱ्यांची कुलपं, म्हणजे ट्विस्टलॉक, काढतात. दुसरी ट्रॉली आपोआप डबा उचलून खाली उभ्या असलेल्या चालकविरहित गाडीवर ठेवते. गाडी जमिनीत पुरलेल्या ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे जागा सांगणाऱ्या खुणांच्या, आधाराने आपली वाट धरते आणि डबा साठवणीच्या ओळीच्या तोंडाशी नेते. तिथे एका ओळीत दोन क्रेन, एक उंच आणि एक बुटकी, वेगवेगळ्या रुळांवर. बुटकी उंचीच्या पायांमधून आरपार जाते, म्हणजे एक नादुरुस्त झाली तरी ओळ अडत नाही.

अडतं कुठे? माचीवर. कुलूप गंजलं किंवा वेगळ्याच बनावटीचं निघालं की माणूस लागतो, आणि मागची स्वयंचलित साखळी त्याची वाट बघत उभी.

या टर्मिनलसाठी आल्टेनवेर्डर नावाचं अख्खं गाव उठवलं. चर्च तेवढं ठेवलंय, कंटेनरच्या भिंतीशेजारी.

लोलक

पण तिथे सर्वांत मोठी जहाजं जात नाहीत असं वाचलं.

क्रेनवाला

कोलब्रांड पूल आडवा येतो. १९७४चा, ३.६ किलोमीटर लांब, पाण्यापासून उंची ५३ मीटर. तेव्हा ती भरपूर होती. आजच्या मोठ्या जहाजांचा माथा त्याखालून जात नाही, म्हणून सगळ्यांत अत्याधुनिक टर्मिनल पुलाच्या चुकीच्या बाजूला. पूलही थकलाय. २०२४मध्ये शेजारी नवा पूल बांधायचं ठरलं, ७३.५ मीटर उंचीचा.

वर पूल आणि खाली बोगदा, अशी कात्री आहे. ए-७ महामार्गाचा एल्बे बोगदा १९७५चा. त्याचं छत नदीच्या तळाशी आहे, त्याच्यापेक्षा खोल उपसता येत नाही. नदी आणखी खोल करा म्हणणाऱ्यांनी आधी त्या छताकडे बघावं.

खेकडा

मग बंदर उचलून समुद्रकाठी का नेत नाहीत? कोलकात्याने हल्दिया केलंच की.

टिटवी

तुलना नेमकी आहे. कोलकाताही नदीवर, समुद्रापासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आत आणि गाळाने बेजार. १९७५चं फरक्का धरण हुगळीत पाणी सोडून गाळ ढकलायलाच बांधलं होतं.

जर्मनीची ‘हल्दिया’ म्हणजे विल्हेल्म्सहाफन, २०१२मध्ये सुरू झालेलं खोल पाण्याचं टर्मिनल. १८ मीटर पाणी, भरतीची कटकट नाही. कित्येक वर्षं ते अर्धं रिकामं होतं. कारण हॅम्बर्गच्या पाठीशी रेल्वे आहे. मुलुखाकडे जाणाऱ्या कंटेनरांपैकी जवळपास निम्मे रेल्वेने जातात, युरोपात एवढी रेल्वे दुसऱ्या कुठल्या बंदराकडे नाही. बंदराच्या आवारातच तीनेकशे किलोमीटर रूळ. प्राग, व्हिएन्ना, म्युनिक, बुडापेस्टच्या गाड्या वेळापत्रकावर सुटतात. शिवाय जहाज जितकं आत येईल तितका ट्रकचा महागडा प्रवास कमी.

पण २०२५च्या फेब्रुवारीपासून चित्र बदलतंय. माएर्स्क आणि हापाग-लॉइड या जहाज कंपन्यांच्या जेमिनी जोडीने जर्मनीतले मुख्य थांबे विल्हेल्म्सहाफन आणि ब्रेमरहाफन ठेवले. हापाग-लॉइडचं मुख्यालय हॅम्बर्गात, आल्स्टरच्या काठावर! उलट एमएससी या दुसऱ्या जहाज कंपनीने हॅम्बर्गच्या टर्मिनल कंपनीतच मोठा हिस्सा घेतला, शहराकडे ५०.१ टक्के राखून. म्हणजे बंदर कुणाच्या जहाजांवर चालणार हे आता पाण्याच्या खोलीइतकंच भागीदारीवर ठरतंय.

लोलक

गाळ एवढा येतो कुठून? वरच्या डोंगरातून?

पाणकावळा

सगळ्यांना तसंच वाटतं, पण बराचसा खालून, समुद्राकडून येतो. एल्बेत भरती थोड्या वेळात जोरात चढते आणि ओहोटी सावकाश उतरते. जोराचा प्रवाह गाळ उचलून वर आणतो, मंद प्रवाह तो सगळा परत नेऊ शकत नाही. प्रत्येक भरतीला थोडा थोडा शिल्लक. वरून नदीला पाणी कमी असलं, म्हणजे कोरडं वर्ष असलं, की हे आणखी वाढतं.

आणि आता खरी मेख. मार्ग जितका खोल कराल तितकी भरतीची लाट कमी घासत आत येते, फरक वाढतो, गाळ जास्त येतो. १९००च्या सुमारास सांक्ट पाउलीला हा फरक दोन मीटरच्या आत होता, आज जवळपास दुप्पट. यात खोलीकरणाबरोबरच पूररक्षणासाठी तोडलेल्या उपनद्या, काठाची भरलेली जमीन आणि गेस्टहाख्टचा बंधारा यांचाही हात आहे. शेवटच्या खोलीकरणाला एक वर्ष होत नाही तोच, नोव्हेंबर २०२२मध्ये, गाळामुळे परवानगीचा ड्राफ्ट एक मीटरपर्यंत कमी करावा लागला.

उपसलेला गाळ टाकायचा कुठे हा वेगळाच वाद. काही नदीतच खाली नेऊन सोडतात, पण तो भरतीबरोबर परत येतो. काही उत्तर समुद्रात हेल्गोलांडच्या बाजूला. बंदराच्या खोबणींतला जुना गाळ जड धातूंनी दूषित आहे. तो १९९३पासून एका प्रकल्पात वाळू आणि चिखल वेगळा करून, चिखल दाबून, जमिनीवर रचतात.

याच खोलीकरणाला २०१७मध्ये न्यायालयाने अडवलं ते एका रोपट्यासाठी. एल्बेच्या भरतीच्या पट्ट्यातच उगवणारी, जगात दुसरीकडे कुठेही नसलेली जलवनस्पती. तिच्यासाठी वेगळी जागा तयार केल्यावर काम पुढे गेलं.

इतिहासवेडी

कॉलऱ्याचं कुणीच लिहिलं नाही अजून. सार्वजनिक आरोग्य शिकवताना आजही हे उदाहरण देतात.

१८९२च्या उन्हाळ्यात हॅम्बर्गात कॉलऱ्याने सुमारे ८,६०० माणसं गेली. खेटून असलेल्या आल्टोनात (तेव्हा प्रशियात) त्या मानाने फारच थोडी. दोन्ही शहरं एल्बेचंच पाणी पीत होती. हॅम्बर्ग पाणी घ्यायचं शहराच्या वरच्या अंगाला, म्हणजे कागदावर स्वच्छ बाजूने. आल्टोना घ्यायचं खालच्या अंगाला, हॅम्बर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतर. मग मेलं कोण? तर वरचे. कारण भरती सांडपाणी उलटं वर, थेट पाणी उचलायच्या जागेपर्यंत न्यायची. आणि आल्टोना पाणी वाळूतून गाळायचं, हॅम्बर्ग नुसतं हौदात निवळून नळाला सोडायचं.

वाळूचा गाळा काम कसा करतो: पाणी बारीक वाळूच्या थरावर सोडून अगदी सावकाश झिरपू देतात. काही दिवसांत वरच्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरमध्ये जिवाणू आणि शेवाळाचा चिकट पापुद्रा तयार होतो. रोगजंतू अडवतो तो हा पापुद्रा. घाईने पाणी सोडलं किंवा पापुद्रा खरवडल्यावर लगेच नळ चालू केले की गाळा असूनही नसल्यासारखा.

जिवाणुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख बर्लिनहून आले. हद्दीवरच्या रस्त्याच्या एका बाजूला लागण, दुसऱ्या बाजूला नाही. हॅम्बर्गच्याच हद्दीतली एक वस्ती मात्र वाचली, कारण तिचा नळ आल्टोनाचा होता. यापेक्षा चोख प्रयोग ठरवून करता आला नसता. हॅम्बर्गचा गाळा कित्येक वर्षं खर्चाच्या वादात रखडला होता. साथीनंतर १८९३मध्ये सुरू झाला.

पाणकावळा

इतिहासवेडी, भरतीच्या बाजूने याहून चांगली साक्ष नाही. धन्यवाद.

जुना_नकाशा

आगीचंही एका ओळीत: ५ ते ८ मे १८४२, डाइखश्ट्रासं रस्त्यावर सुरू झालेल्या आगीत जुन्या शहराचा मोठा भाग जळाला, ५१ मृत्यू, वीसेक हजार बेघर. त्यानंतर विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्याने गटारं आणि नळ आखले. गाळा मात्र झाला नाही.

मग श्पाइखरश्टाट, लाल विटांची गोदामांची वसाहत. १८८८मध्ये हॅम्बर्ग जर्मन जकात संघात सामील झालं, पण बंदराचा एक भाग जकातमुक्त ठेवून. त्या भागात गोदामं हवीत म्हणून सुमारे २० हजार लोकांना उठवलं. पाया ओकच्या खुंटांवर. प्रत्येक गोदामाला दोन तोंडं, एक रस्त्याला आणि एक कालव्याला, आणि माथ्यावर यारी. भरतीला बार्ज कालव्यात आत यायची, यारीने पोती थेट हव्या त्या मजल्यावर. ओहोटीला बरेच कालवे कोरडे पडतात, त्यामुळे हमालांची पाळीही भरतीवर. जाड विटांच्या भिंतींमुळे आतलं तापमान फारसं हलत नाही, म्हणून कॉफी, चहा, मसाले, गालिचे इथेच. मुक्त बंदर १ जानेवारी २०१३ला संपलं, २०१५मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं.

आणि नकाशात एक विचित्र तुकडा शोधा: मोल्डाउहाफन. व्हर्सायच्या तहात समुद्र नसलेल्या चेकोस्लोव्हाकियाला हॅम्बर्गात जागा द्यायचं ठरलं. १९२९पासून ९९ वर्षांचा करार, मुदत २०२८. आज तो चेक प्रजासत्ताकाकडे आहे.

लोलक

दुसऱ्या महायुद्धात बंदर वाचलं का?

जुना_नकाशा

नाही. जुलै १९४३च्या ब्रिटिश-अमेरिकन बॉम्बहल्ल्यांत ३४ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली बहुतेक २७-२८ जुलैच्या रात्रीच्या आगीच्या वादळात. युद्धाअखेर बंदराचा बहुतांश भाग मोडला होता. युद्धाच्या आधीची ओळख मात्र वेगळी: १८५० ते १९३४ या काळात सुमारे ५० लाख माणसं इथून अमेरिकेकडे निघाली. हापाग कंपनीच्या आल्बर्ट बालिनने त्यांच्यासाठी फेडेल बेटावर १९०१पासून राहायच्या चाळीच बांधल्या, तपासणी आणि जेवणासकट.

कट्टेकरी

पूर कसा येतो तिथे? पाऊस तर आपल्याइतका नाही.

टिटवी

पावसाशी संबंध नाही. वायव्येकडचं वादळ उत्तर समुद्राचं पाणी जर्मन उपसागराच्या कोपऱ्यात लोटतं. एल्बेचं मुख नरसाळ्यासारखं, वर अरुंद होत जाणारं, त्यामुळे आत शिरलेलं पाणी उंच चढतं. त्यात नेमकी भरतीची वेळ आली की संपलं.

१६-१७ फेब्रुवारी १९६२च्या रात्री सांक्ट पाउलीला पाणी शून्यपातळीच्या ५.७० मीटर वर गेलं. बांध साठेक ठिकाणी फुटले, शहराचा सहावा हिस्सा बुडाला, ३१५ मृत्यू, सर्वाधिक विल्हेल्म्सबुर्गमध्ये. तेव्हा शहर सरकारात असलेले हेल्मुट श्मिट (पुढे चॅन्सलर) यांनी अधिकाराचा घोळ न घालता लष्कर आणि हेलिकॉप्टर बोलावले.

बांध फुटले *मागून*, हे लक्षात घ्या. पाणी माथ्यावरून पलीकडे सांडलं, शहराकडचा उतार फार उभा होता, तो धुऊन गेला आणि मग बांध आडवा झाला. आताच्या बांधाचे दोन्ही उतार सपाट, साधारण १ उंचीला ३ रुंदी किंवा त्याहून जास्त. आत वाळूचा गाभा, वर चिकणमातीचा जाड थर, त्यावर दाट गवत, आतल्या अंगाला रस्ता, म्हणजे वादळातही ट्रक पोचतो. गवत मेंढ्या चरून आखूड ठेवतात आणि खुरांनी माती दाबली जाते. झाडं मात्र नकोत, मुळांच्या वाटेने पाणी शिरतं.

३ जानेवारी १९७६ला पाणी ६.४५ मीटरवर गेलं, १९६२पेक्षा पाऊण मीटर जास्त. बांध टिकले.

क्रेनवाला

हाफेनसिटी मात्र बांधाच्या *बाहेर* आहे, श्पाइखरश्टाटसारखीच. १५७ हेक्टर जुन्या बंदराच्या जागेवर नवं शहर. तिथे बांध न घालता जमीनच भर घालून साडेसात-आठ मीटरच्या वर उचलली. पाण्यालगतचे फिरायचे रस्ते मुद्दाम खाली ठेवलेत, ते बुडू द्यायचे. तळमजल्यावरच्या गॅरेजना पोलादी दारं, वादळाच्या इशाऱ्यावर बंद करायची. एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह तिथेच, कोकोच्या जुन्या गोदामावर चढवलेलं, ११ जानेवारी २०१७ला उघडलं. शहराला सुरुवातीला ७.७ कोटी युरो सांगितले होते आणि शेवटी ७८.९ कोटी लागले. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

कट्टेकरी

उत्तरेकडचं बंदर, तर हिवाळ्यात गोठत नाही का?

टिटवी

अक्षांश साडेत्रेपन्न, तरी मोठ्या जहाजांचा मार्ग चालू असतो. अटलांटिकचा उबदार प्रवाह, भरतीची सततची हालचाल आणि रहदारी. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे तुकडे वाहत येतात, वरच्या बाजूला बर्फफोड्या बोटी ठेवलेल्या आहेत. गोठून बसलं तर वितळताना वर बर्फाचा बांध होऊन पूर यायची भीती, म्हणून आधीच फोडत राहतात.

लोलक

मे महिन्यात दोन दिवस तिथे आहे. बंदर बघायला पर्यटक बोटीशिवाय काही?

पाणकावळा

लांडुंग्सब्रुकनपासून ६२ नंबरची फेरी घ्या, फिंकेनवेर्डरपर्यंत. शहराच्या साध्या दिवसाच्या पासवर चालते. वाटेत नॉयम्युलनला उतरलात तर समोरच बुर्खार्डकाईच्या क्रेन. लांडुंग्सब्रुकन हा तरंगता धक्का आहे, काठाला जोडणारे पूल ओहोटीला तीव्र उतरतात आणि भरतीला जवळपास सपाट होतात. चार-पाच तासांच्या अंतराने दोनदा पाहा, पावणेचार मीटर म्हणजे काय ते कळेल. शेजारीच १९११चा जुना एल्बे बोगदा, ४२६ मीटर, पायी फुकट.

वेडेलला शुलाऊपाशी १९५२पासून येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना त्यांच्या देशाचं राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात. भारतीय झेंड्याचं जहाज असेल तर जन गण मन. त्या दिवशीच्या जहाजांची स्थिती एआयएसच्या (जहाजं आपली जागा कळवतात ती यंत्रणा) कुठल्याही संकेतस्थळावर मिळते, आधी बघून जा, नाहीतर नुसत्या वाळूच्या बार्ज दिसतील.

टिटवी

रविवार असेल तर फिशमार्केट, उन्हाळ्यात पहाटे पाचपासून साडेनऊपर्यंत. गाडी भाड्याने घेतली असेल आणि वायव्येचा वारा सुटलेला असेल, तर ती तिथल्या पार्किंगला लावू नका. शहरात पाणी सगळ्यांत आधी तिथेच चढतं.